एकदाच विचारायचं

आमच्या ह्यांचा सत्कार पाच मिनिटांत ठरला आणि त्याच पाच मिनिटांत रद्दही झाला. तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात शंकरपाळे ताटलीत काढत होते, म्हणून मध्ये पडता आलं नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

दोन हजार पाचचा फेब्रुवारी. मिशिगनमधलं आमचं छोटं कॉलेजचं गाव, दारापुढे गुडघाभर बर्फ. शनिवारी सकाळी तीन मुलं आली, तिघंही टाय लावून. टाय बघूनच मी ओळखलं की काहीतरी विशेष आहे, कारण ही मुलं एरवी परीक्षेलासुद्धा पायजम्यात जातात. मुलं म्हणजे ह्यांच्या फ्रॅटर्निटीची. हे इथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचे आणि बावीस वर्षं त्या फ्रॅटर्निटीचे ॲडव्हायझर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजातली तीस-चाळीस पोरं एका मोठ्या जुन्या घरात राहतात, एकमेकांना भाऊ म्हणतात, छातीवर ग्रीक अक्षरं लिहिलेले शर्ट घालून हिंडतात आणि दर सोमवारी मीटिंग घेऊन कचरा कुणी काढायचा यावर मतदान करतात. ॲडव्हायझर म्हणजे ह्या सगळ्यांचा बिनपगारी सासरा.

त्यांचा त्या वर्षीचा प्रेसिडेंट उत्तरेकडच्या शेतकरी घरातला, सव्वासहा फूट उंच, बोलायला अगदी मऊ. तो म्हणाला, "सर, तुम्ही यंदा रिटायर होताय. एप्रिलमध्ये तुमच्यासाठी एक डिनर करावं असं आमच्या मनात आहे. जुने सगळे मेंबर येतील. आणि आमच्या डायनिंग हॉलला तुमचं नाव द्यायचंय. चालेल का तुम्हाला?"

हे म्हणाले, "नो, नो, नो. कशाला उगाच? मी काय एवढं केलंय? नको, खरंच नको."

"वी अंडरस्टँड, सर," तो मुलगा म्हणाला. "थँक यू."

मी ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा विषय संपलेला होता. मुलांनी दोन-दोन शंकरपाळे उचलले, मला काकू काकू म्हणून थँक्स म्हटलं (काकू हे माझं नावच आहे अशी त्या घराची वीस वर्षं समजूत होती), बूट घातले आणि गेली. हे खिडकीशी उभे.

"गेले?" हे म्हणाले.

"गेले की. गाडी वळवतायत."

"परत काहीच नाही म्हणाले?"

"तुम्ही नको म्हणालात ना?"

"मग काय, विचारल्याबरोबर हो म्हणायचं? लाज आहे की नाही काही माणसाला?"

आता ह्यावर मी काय बोलणार? मी त्याच मातीतली. आमच्या घरात पहिला 'नको' हा नुसता नमस्कार असतो. दुसरा 'नको' आपण हावरट नाही हे दाखवायला. तिसऱ्यांदा कुणी विचारलं की मग जरा मान तिरकी करून, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," असं म्हणून माणूस पाटावर बसतो. माझ्या लग्नात माझ्या चुलत्यांनी सात जिलब्यांना 'नको' म्हटलं आणि अकरा खाल्ल्या. एकदा विचारून सोडून देणारा यजमान म्हणजे आमच्याकडे बेअब्रूच. त्यामुळे हे दुसऱ्या बोलावण्याची वाट बघायला लागले. सोमवारी येतील म्हणाले. मग म्हणाले, परीक्षा आहेत, पुढच्या सोमवारी येतील.

पण मला माहीत होतं की ती मुलं येणार नाहीत. आणि ती का येणार नाहीत, हे ह्यांना माझ्याहून जास्त माहीत असायला हवं होतं.

हे ॲडव्हायझर झाले तेच मुळी नाही म्हणता येत नाही म्हणून. एक विद्यार्थी फॉर्म घेऊन ऑफिसात आला, कुठल्या तरी प्राध्यापकाची सही पाहिजे म्हणाला, ह्यांनी केली. घरी येऊन मला सांगितलं, मुलांचं अभ्यासमंडळ आहे काहीतरी. अभ्यासमंडळ कसलं डोंबलाचं. त्याच शरद ऋतूत नवीन मुलांना घरात घ्यायचा समारंभ झाला आणि एका अठरा वर्षांच्या पोराला सगळ्यांनी भोवती उभं राहून पाजली. तो नको नको म्हणतोय आणि बाकीचे अजून एक, अजून एक. सकाळी ह्यांना हॉस्पिटलातून फोन आला. पोरगा वाचला, देवाची कृपा. पण त्याची आई ओहायोहून गाडी चालवत आली होती, तिने ह्यांना एवढंच विचारलं, "तो नाही म्हणत होता ना?" हे तिथून तसेच निघाले. घरी आले, दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी गॅरेजमध्ये एक फळी घेतली, पांढरा रंग घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: एकदाच विचारायचं, नाही म्हणजे नाही. ती फळी त्यांच्या डायनिंग हॉलच्या दारावर लावली आणि म्हणाले, हे मान्य नसेल तर दुसरा सही करणारा शोधा.

तिथून ते घर बदलत गेलं. हे नुसते सही करणारे राहिले नाहीत. बूट दाराशी काढायची पद्धत ह्यांची. ज्याचे मार्क घसरतील त्याने मार्क वर येईपर्यंत मोठी पातेली घासायची, हेही ह्यांचंच. रविवारी आईला फोन केल्याशिवाय टीव्ही लागायचा नाही. गावातल्या बाकी फ्रॅटर्निट्या भांडणं, आगी, पोलीस अशा कारणांनी एकेक करून बंद पडल्या, ही मात्र टिकली. पण सगळ्यात पक्की बसली ती फळी. इतकी की मीसुद्धा तिच्या तडाख्यातून सुटले नाही. एकदा होळीला मी पुरणपोळ्या करून नेल्या. एका मुलाला दुसरी वाढायला गेले, तो नको म्हणाला. मी म्हटलं, अरे घे रे, अर्धी घे. तो हसून म्हणाला, "काकू, तुम्ही एकदा विचारलंत." माझ्या हातात तुपाची वाटी तशीच. मी इतकी चिडले होते की येताना ह्यांच्याशी अख्ख्या रस्त्यात बोलले नाही.

तर असे ते. ह्यांनी बावीस वर्षं घासूनपुसून तयार केलेले. ते कशाला दुसऱ्यांदा विचारतात?

दोन आठवडे गेले. मला कसली पर्वा नाही, हे दाखवायच्या कामाला हे लागले. फोन वाजला की आपण नाहीच उठायचं असं ठरवून अर्धे उठायचे. उगाच जाऊन केस कापून आले. कोट ड्राय-क्लीनिंगला टाकला, मी विचारलं कशाला, तर म्हणे पडून पडून वास येतोय. मग एक दिवस मी स्टेपलरच्या पिना शोधायला ह्यांचा ड्रॉवर उघडला आणि खाली मला भाषण सापडलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहिलं वाक्य: ह्या सन्मानाला मी मुळीच पात्र नाही. दुसऱ्या पानावरही पात्र नव्हते. तिसऱ्या पानावर मात्र सगळ्या जुन्या मुलांची नावं होती, वर्षावार, बावीस वर्षांची, आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ. ह्याने माळ्यावरचं गळणारं छप्पर दुरुस्त केलं. हा पहिल्या सेमिस्टरला रडायचा. मी पानं जशीच्या तशी ठेवली आणि तिथेच खुर्चीवर बसले. मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला. ज्या माणसाला एवढं हवंय त्याने एवढ्या सफाईने नको कसं म्हणावं?

मी ठरवलं, आपणच काहीतरी करायला पाहिजे. डबाभर चिवडा घेतला आणि त्यांच्या घरी गेले. प्रेसिडेंट स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मी इकडचं तिकडचं बोलले, हवेचं बोलले, मग म्हटलं, "ते डिनरचं काय झालं रे?"

"कॅन्सल केलं, काकू. सर नाही म्हणाले." त्याचा चेहरा पडला. "आम्हाला खूप वाईट वाटलं. कितीतरी जुन्या लोकांनी येतो म्हणून कळवलं होतं. तो हॉस्पिटलवाला आहे ना, पहिल्या वर्षीचा? त्याचा पहिला फोन आला होता. तो आता स्वतः डॉक्टर आहे."

मी लगेच म्हटलं, "अरे, मग परत विचारा की त्यांना."

त्याने बटाटा खाली ठेवला. "कसं विचारणार? ते नाही म्हणाले."

"हे बघ, बाळा," मी म्हटलं, "आमच्याकडे नाही म्हणजे नाही नसतं. माणूस वरवर नाही म्हणतो, पण आतून त्याला हवं असतं. थोडा आग्रह करायचा असतो."

त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, कुणी तुम्हाला हे वाक्य सांगितलं तर त्या माणसापासून चार पावलं लांब राहा, असं सरांनीच आम्हाला शिकवलंय. ऑगस्टमध्ये नवीन मुलं आली की पहिल्याच दिवशी शिकवतात."

चिवड्याचा डबा तिथेच ठेवून मी घरी आले. काय बोलणार?

मग मुलीला फोन केला. ती जर्सी सिटीत राहते, पंचविसाव्या मजल्यावर, आणि माझा फोन ट्रेनकडे चालता चालता घेते. मी सगळं रामायण सांगितलं. ती म्हणाली, "आई, वेट. बाबांना हवंय?"

"हो गं."

"देन ही शुड जस्ट से सो."

"असं कसं म्हणणार? आपणहून?"

"व्हाय नॉट? त्यांचाच रूल आहे ना? जर 'नो' म्हणजे नो, तर 'येस' म्हणजे येस. आई, माय ट्रेन इज हिअर." आणि ठेवला फोन. हिला आम्ही अमेरिकेत वाढवलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर मी सरळ विषय काढला. म्हटलं, ती मुलं परत यायची नाहीत, तुमच्याच फळीमुळे. हवं असेल तर जाऊन सांगा.

"मी जाऊन सांगू? माझा सत्कार करा म्हणून? लोक तोंडात शेण घालतील."

"शेण कुठून आणतील? बाहेर दोन फूट बर्फ आहे."

"थट्टा करू नकोस."

"मी थट्टा करत नाही. तुमचं भाषण वाचलंय मी."

हे बराच वेळ कपातला चमचा फिरवत बसले. साखर घालतच नाहीत चहात, तरी फिरवत बसले. मग म्हणाले, "तो पोरगा येणार होता का गं?"

"पहिला फोन त्याचाच होता म्हणे. डॉक्टर झालाय."

"मला हवंय ते," हे म्हणाले. खाली बघून म्हणाले, पण म्हणाले. "तीस वर्षं वर्गात शिकवलं. पेपर लिहिले, ते कुणी वाचत नाही. ते घर तेवढं मी केलंय. मला त्या सगळ्यांना एकदा एका खोलीत बघायचंय. आणि दारावर नाव पण हवंय. का नको असावं?"

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. ह्या माणसाने 'मला हवंय' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, चहासुद्धा 'कर की वाटल्यास' असा मागायचे. मला एकदम भरून आलं. पण मी ते दाखवलं नाही. म्हटलं, "मग सोमवारी मीटिंगला चला. मी पण येते."

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही गेलो. दाराशी चाळीस जोड बुटांचा ढीग, त्यात आमचे दोन. मुलं डायनिंग हॉलमध्ये लांब टेबलांभोवती बसलेली. मला एक खुर्ची दिली. कचऱ्याचं झालं, वॉशिंग मशिनचं झालं, मग प्रेसिडेंट म्हणाला, "ॲडव्हायझरना काही बोलायचंय?"

हे उठले. आणि स्मोक अलार्मच्या बॅटऱ्यांवर बोलायला लागले. मग स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनला चिकटणाऱ्या तुपकट थराबद्दल बोलले. दहा मिनिटं तो थर. मग बर्फावर मीठ टाकण्याबद्दल. आणि बसले. मुलांनी वहीत सगळं नीट लिहून घेतलं.

मी खोकले. हे समोर बघत राहिले. मी परत खोकले, तेव्हा शेजारच्या मुलाने मला पाणी आणून दिलं. मग मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला, मोजे होते म्हणून बरं.

हे पुन्हा उठले. दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाले, "अजून एक. तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी मला एक विचारलं होतं. मी नाही म्हटलं. ते खरं नव्हतं. मी जिथून आलोय तिथे आधी नाही म्हणायची रीत आहे आणि मी ती इथे विसरायला हवी होती, कारण तुम्हाला मीच उलटं शिकवलंय. तर आता खरं सांगतो. मला ते डिनर हवंय. खोलीला नाव हवंय. मला फार आवडेल."

ह्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती. मला वाटलं आता टाळ्या वाजतील. टाळ्या कसल्या. प्रेसिडेंटने घसा साफ केला आणि म्हणाला, "थँक यू, सर. रद्द झालेला ठराव पुन्हा आणायचा तर मतदान लागेल. आणि ज्याच्याबद्दल मतदान आहे त्याने बाहेर थांबायचं असतं." आणि ओशाळून पुढे म्हणाला, "तुमचाच नियम, सर."

म्हणून आम्ही दोघं बाहेरच्या पॅसेजमध्ये, बुटांच्या ढिगाशेजारच्या बाकावर, मोजे घालून बसलो. दार बंद.

"किती वेळ लावतायत," हे म्हणाले.

"चर्चा करत असतील. चर्चेशिवाय मत द्यायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत ना?"

हे हसले. मग पाय पुढे ताणून, अगदी हलके होऊन म्हणाले, "सोपं होतं गं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. लोक विचारतात, आपण सांगायचं. संपलं."

मी हे बोलायला आले नव्हते, आईशप्पथ. पण त्यांचं ते 'संपलं' माझ्या डोक्यात गेलं.

"मला पण विचारलं होतंत तुम्ही एकदा," मी म्हटलं.

"काय?"

"मुलगी सहावीत होती. पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं होतं तुम्हाला. मी भांडी पुसत होते. तुम्ही पत्र घेऊन आलात आणि म्हणालात, जायचं का परत?"

"आठवतंय. तू नको म्हणालीस. पोरीची शाळा आहे, इथलं बरं चाललंय, असं काहीतरी."

"हो. आणि तुम्ही बरं म्हणालात आणि पत्र फाइलला लावलंत. एकदाच विचारलंत."

तेवढ्यात आतून बाकं सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि प्रेसिडेंट हसत बाहेर आला. "एकमताने, सर. या ना आत."

हे उठलेच नाहीत. त्याला हाताने थांब म्हणाले. मग मला म्हणाले, "तुला जायचं होतं?"

"हो," मी म्हटलं. सोळा वर्षं पोटात होतं ते इतक्या पटकन बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. आई तेव्हा होती माझी. मला फार फार जायचं होतं.

"आणि आता? आता जायचंय?"

मी खरंच विचार केला. आई नाही, माहेरच्या जागी दुसऱ्यांचे फ्लॅट, पोरगी इथे. "आता नको," मी म्हटलं.

"नक्की?"

"नको म्हटलं ना."

ह्यांनी माझा हात धरला, त्या पोरासमोर, जे ह्यांनी आजवर कधी कुणासमोर केलं नव्हतं. "अगं, नीट सांग. खरंच नको? रिटायर होतोय मी. जाऊ आपण."

माझे डोळे वाहायला लागले. प्रेसिडेंटला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण एका बाईला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातोय आणि ती रडतेय, एवढं त्याला बरोबर कळलं. तो दारातून दोन पावलं पुढे आला आणि ह्यांना, अगदी नम्रपणे पण ठामपणे म्हणाला, "सर, मला वाटतं त्यांनी उत्तर दिलंय."

मी पदराने डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, "असू दे रे बाळा. विचारू दे त्यांना."